पिवळे तळहात

मुलुंड (पूर्व)
१८ नोव्हेंबर १९८७

चि. सौ. विमल हिला आशीर्वाद.

माझ्या पायाचं प्लास्टर संक्रांतीच्या आत काढायचं नाही असं डॉक्टर म्हणतात, त्यामुळे बोरिवलीला येणं होत नाही. म्हणून लिहिते. तुमच्या खालच्या वाण्याच्या फोनवर ओरडून सांगायच्या या गोष्टी नाहीत. तूही उत्तर इनलँडवरच लिही, कार्ड टाकू नकोस. तुमचा पोस्टमन भिकाजी जिन्यात उभा राहून सगळ्यांची कार्डं वाचतो, हे चंदूनेच मला सांगितलं आहे.

दशरथ जाऊन आता वर्ष होईल. त्याला जे दुखणं झालं ते पुरुषांच्या एका ग्रंथीचं. सख्ख्या भावाला झालं की धाकट्यालाही होण्याचा धोका असतो. चंदू सत्तावन्नचा झाला. दशरथच्या वेळी आपण सगळेच उशिरा जागे झालो. या खेपेला मी ते होऊ देणार नाही.

शाळेतल्या माझ्या जुन्या सहकारी बाई मासिकांचा गठ्ठा देऊन गेल्या, त्यात एक चांगला लेख आहे. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनवर जगतो, पण शरीरात तो वापरला जाताना त्याचे काही कण बेलगाम होतात आणि पेशींना पोळतात. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, तळणीच्या उरलेल्या तेलाला खवट वास येतो, ते याच जातीचं काम. वर्षानुवर्षं पोळलेल्या पेशीतून गाठ निघू शकते. भाजीपाल्यातले काही घटक या कणांना आवर घालतात. गाजराचा नारिंगी रंग हा त्यातला एक. आवळा, टोमॅटो, पपई, मोड आलेली कडधान्यं यांतही तसे घटक असतात.

तेव्हा चंदूला रोज पाव किलो गाजर, एक आवळा, दोन टोमॅटो. तळणीचं तेल दुसऱ्यांदा वापरायचं नाही. मासे खा, पण तळून नको. संध्याकाळी चहा बंद.

त्याला सांग, ताईने सांगितलंय. कुरकुर केली तर मला कळव.

नलिनी


बोरिवली (पश्चिम)
२ डिसेंबर १९८७

ती. ताईंना विमलचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. पायाला जपा. एकटीने मोरीत जाऊ नका.

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. कुरकुर करतील असं वाटलं होतं, पण उलटच झालं. दोनदा स्वतः वाचलं, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी अंधेरीहून कामावरून येताना गाजरं घेऊन आले. किसून द्यायला वेळ लागतो म्हणून मी रस काढून देते. आता म्हणतात एक पेला पुरे नाही, दोन दे. पपईही आणतात. सगुणा मासेवाली खारदांड्याहून येते ना, ती माझ्यावर रागावली आहे. म्हणते, "वयनी, तू दादाला गाय केला! दावणीला बांध आता."

चहा तर त्यांनी चारनंतर आधीच सोडला होता. ह्यांना उष्णतेचा त्रास आहे, म्हणून मी धने-जिऱ्याचं पाणी देते. शनिवारच्या भजनालाही हल्ली बसत नाहीत. डिसेंबरात देवगडला जायचं होतं, पण एसटीचा एवढा प्रवास नको म्हणाले. कंबर धरली आहे म्हणतात. कंपनीत खोकी उचलायला लावतात. मिल होती तेव्हा बरं होतं, आपलं खातं आणि आपण.

ग्रंथीचं वाचून मी घाबरले, पण तुम्ही लक्ष घातलंत म्हणून धीर आहे. थंडी सुरू झाली आहे. गळ्याला मफलर बांधल्याशिवाय मी त्यांना घराबाहेर सोडत नाही, काळजी नसावी.

विमल


मुलुंड (पूर्व)
९ डिसेंबर १९८७

चि. सौ. विमल हिला आशीर्वाद.

पत्र वाचून समाधान वाटलं. चंदू आयुष्यात पहिल्यांदा सांगितलेलं ऐकतो आहे. दोन पेले घेतो तर घेऊ दे. दशरथने कधी ऐकलं नाही. मला शिकवायला मिलमध्ये दोन-दोन पाळ्या केल्या, पण माझं शिक्षण त्याच्या कामी आलं नाही. निदान चंदूच्या तरी यावं.

उष्णता असं शरीरात काही नसतं. ताप असतो नाहीतर नसतो. धने-जिऱ्याचं पाणी द्यायला हरकत नाही, पण त्याला औषध म्हणू नकोस. कंबर दुखते ती खोकी उचलून. ताठ बसावं, वाकताना गुडघे वाकवावेत. भजनाला जात नाही ते बरंच आहे. तिथे बटाटेवडे तळतात.

मफलरचं काय ते मला कळलं नाही, पण असो.

नलिनी


बोरिवली (पश्चिम)
११ जानेवारी १९८८

ती. ताईंना विमलचा नमस्कार.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. घरात काळजीचं झालं आहे.

ह्यांना कावीळ झाली. मला रोज बघून कळलं नाही, सगुणानेच पाहिलं. पापलेटाचे पैसे घेताना तिने ह्यांचा हातच धरला. "अगो वयनी, दादाचे हात बघ कसे पिवले! हलदीत बुडवल्यासारके!" मी उजेडात नेऊन बघितलं. खरंच तळहात पिवळे, तळपायही, आणि नाकाच्या बाजूलाही पिवळट झाक. मला तर रडूच फुटलं. सगुणा म्हणाली, मासळी कमी केली की असंच होणार.

भांडुपला आपल्या नात्यातल्या रुक्मिणीवहिनींच्या शेजारी कावीळ उतरवणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी मंतरलेली माळ दिली आहे. ती डोक्यावर टोपीसारखी घालायची. कावीळ उतरेल तशी माळ मोठी होत होत गळ्यात येते, मग कंबरेपर्यंत उतरते. कालपासून कपाळाखाली आली आहे. तेल, हळद सगळं बंद, फक्त ताक-भात आणि उसाचा रस. गाजराचा रस मात्र ते सोडत नाहीत. मी म्हटलं, दोन दिवस राहू दे. तर माझ्या हातातून पेला ओढून घेतला. असं कधी केलं नव्हतं त्यांनी.

तोंड फार उतरलं आहे. तुम्हीच काय ते सांगा.

विमल


मुलुंड (पूर्व)
१४ जानेवारी १९८८

विमल,

आज संक्रांत. गोड बोलायचा दिवस. ते उद्या बोलेन.

ती माळ आधी काढून फेक. ओल्या काड्या दोऱ्यात गुंफल्या की वाळताना आकसतात, गाठी ढिल्या पडतात आणि माळ सैल होते. ती खुंटीवर टांगलीस तरी मोठी होईल. खुंटीला कावीळ होत नाही.

आता नीट वाच. गाजर फार खाल्लं की त्याचा रंग कातडीत उतरतो. तळहात, तळपाय, नाकाजवळची कातडी, तू लिहिलं आहेस तिथेच. त्यात अपाय नाही. रस कमी केला की जातो. कावीळ असेल तर डोळ्यांचं पांढरंही पिवळं होतं. चंदूला दिवसाच्या उजेडात खिडकीशी उभं कर, खालची पापणी ओढ आणि बघ.

दुसरी खूण लघवीची. कावीळ असेल तर ती गर्द पिवळी, काळ्या चहासारखी होते. एका धुतलेल्या काचेच्या बाटलीत धरायला सांग आणि तूही बघ. लाजायचं काही नाही. हे शास्त्र आहे. दोन्ही गोष्टी बघून उलट टपाली लिही.

नलिनी


बोरिवली (पश्चिम)
१९ जानेवारी १९८८

ताई,

डोळे पांढरे आहेत. स्वच्छ पांढरे.

बाटलीला ते तयार नव्हते. म्हणाले, ताईला लिही सगळं ठीक आहे. मी म्हटलं, मी खोटं लिहिणार नाही. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी बाटली मोरीच्या कट्ट्यावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता चप्पल घालून निघून गेले.

ताई, ते पिवळं नव्हतं. लाल होतं. कोकमाचं आगळ पाण्यात टाकल्यासारखं.

संध्याकाळी विचारलं तेव्हा खाली मान घालून म्हणाले, दिवाळीच्या आधीपासून अधूनमधून येतं. त्याआधी वर्षभर धार नीट होत नव्हती, सारखं उठावं लागायचं, ते मला माहीत होतं. म्हणून तर भजन सोडलं, एसटी सोडली. मी त्यालाच उष्णता म्हणत होते. ती उष्णता नाही का? गाजराचा रंग लघवीतून जातो का? तसं असेल तर लवकर कळवा, म्हणजे मी रस बंद करते.

विमल


मुलुंड (पूर्व)
२१ जानेवारी १९८८

विमल,

गाजराचा रंग असा जात नाही. ते रक्त आहे.

हे पत्र मिळेल त्या दिवशी चंदूला मोठ्या इस्पितळात ने, लघवीच्या विकारांचे सर्जन असतात त्यांच्याकडे. नाक्यावरच्या डॉक्टरकडे नको. त्यांना दशरथचं सांग. कंबर दुखते तेही सांग. कंबरेचं मी खोक्यांवर ढकललं, ती माझी चूक.

दशरथला झाला तो प्रोस्टेटचा कर्करोग. प्रोस्टेट ही ग्रंथी फक्त पुरुषांना असते. मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती. ती वाढली की धार अडते, वारंवार जावं लागतं, रक्त येऊ शकतं. चंदूला तेच झालं आहे असं मी म्हणत नाही. ही ग्रंथी म्हातारपणात साधीही वाढते. पण बघून घेतल्याशिवाय ते कळणार नाही.

आणखी एक. त्या लेखाच्या शेवटी लिहिलं होतं की हे सगळं अजून सिद्ध झालेलं नाही, संशोधन चालू आहे. ते मी तुला लिहिलं नाही. मुलांना शंका दिली की ती अभ्यास करत नाहीत, अशी मला सवय. आणि तो लेख होता रोग होऊ नये म्हणून काय खावं याचा. झालेल्या रोगाबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं.

हे पत्र त्यालाही वाचायला दे.

नलिनी


बोरिवली (पश्चिम)
२ फेब्रुवारी १९८८

ताई,

आज मी जे लिहिणार आहे ते लहान तोंडी मोठा घास वाटेल. वाटू दे.

त्यांना दाखवलं. आत बोटाने तपासलं, रक्त घेतलं, सुईने तुकडा काढला, कंबरेचे फोटो काढले. भावजींना होतं तेच आहे. गाठ दगडासारखी लागते म्हणाले. कंबरेच्या हाडात पोचलं आहे. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, एवढे दिवस काय करत होता? मी म्हटलं, गाजराचा रस देत होते. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. कागदावर लिहून घेतलं. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

ताई, तुम्ही लिहिलंत पुरुषांची एक ग्रंथी. कुठली, कुठे असते, एक शब्द नाही. मला वाटलं गळ्यात. माझ्या माहेरी माणिकमावशीला गळ्यात ग्रंथी होती, तेवढीच मला माहीत. म्हणून मी दोन महिने मफलर बांधत होते. रोज रात्री ते झोपले की मी त्यांच्या गळ्याला हात लावून बघत होते, गाठ आली का. आणि ज्या माणसाला दर तासाला मोरीत जाताना मी बघत होते, त्याला धने-जिऱ्याचं पाणी पाजत होते. भावजींचं ऑपरेशन झालं तेव्हा मला सांगितलं पोटाचं. तेव्हा मी डबे नेले, अंथरुणं धुतली, पण मला पोटाचंच सांगितलं. तुम्ही बी.एस्सी. झालात, मी सातवी. मला कळलं नसतं असं तुम्हाला वाटलं का?

आणखी ऐका. दिवाळीनंतर पुन्हा रक्त आलं तेव्हा ते इस्पितळात जाणार होते. कंपनीत रजाही मागितली होती. हे मला आता कळतंय. तेवढ्यात तुमचं पत्र आलं. ते खिशात घालून फिरत होते. म्हणतात, ताईने उपाय दिलाय म्हटल्यावर मला सुटल्यासारखं झालं.

आता डॉक्टर म्हणतात, भावजींचं केलं तेच ऑपरेशन. खालच्या दोन्ही गोळ्या काढायच्या. काय काढायचं ते आता मला कुणी पोट म्हणून सांगू शकत नाही. त्याने गाठ मरणार नाही, पण आटोक्यात राहील, कंबरेचं दुखणं उतरेल, काही वर्षं मिळतील. नाही केलं तर हाडं ठिसूळ होतील. लगेच करा म्हणतात.

ते नाही म्हणतात. भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. म्हणतात, मला दादासारखा करू नका. आणि अजून रस मागतात, ताई. मी देत नाही म्हटलं तर स्वतः उठून किसणी घेतात. काल बोट कापून घेतलं.

माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.

विमल


मुलुंड (पूर्व)
५ फेब्रुवारी १९८८

प्रिय चंदू,

विमलचं पत्र आलं. तिने लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे, ते मी तिला वेगळं कळवेन. हे पत्र तुला.

शाळेत पुनरुत्पादनाचा धडा आला की मी मुलींना तो घरी वाचून यायला सांगत असे. सत्तावीस वर्षं सांगितलं. तोच धडा मी विमललाही घरी वाचायला सांगितला, पुस्तक न देता. त्याचा परिणाम तुझ्या हाडात दिसतो आहे. त्यावर रडायला मला वेळ नाही, आणि तुलाही नाही.

गाजराने हा रोग टळतो की नाही हे मला माहीत नाही. शास्त्रालाही अजून माहीत नाही. पण झालेला रोग गाजराने जात नाही, एवढं नक्की. तू रस पितोस तो मला खोटं पडू द्यायचं नाही म्हणून पीत असशील तर ऐक, मी चुकले. पेला खाली ठेव.

ऑपरेशनचं. पुरुषाच्या शरीरात जो स्राव त्या गोळ्यांत, म्हणजे वृषणांत, तयार होतो, त्यावर ही गाठ पोसते. स्राव थांबला की गाठ उपाशी पडते. त्यात एवढंच शास्त्र आहे. तुझा आवाज, तुझी मिशी, तुझं हिशेबात भांडणं, यातलं काही ते कापून नेत नाहीत.

दशरथबद्दल तू म्हणतोस, दादासारखा करू नका. दादा ऑपरेशनने गेला नाही. दोन वर्षं गप्प राहिला आणि मग ऑपरेशन झालं, म्हणून गेला. शेवटच्या दिवसांत मी त्याच्याजवळ बसले होते. त्याला तुझ्याशी बोलायचं होतं. मी म्हटलं, कशाला, त्याला कशाला घाबरवतोस. असं आपण तिघांनी एकमेकांना सांभाळलं.

आजवर मी तुला सांगत आले, हे कर, ते कर. आज सांगत नाही. विचारते. मला एकटीला मागे ठेवणार आहेस का, चंदू?

माझं प्लास्टर निघालं. काठी घेऊन चालता येतं. तू बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तरी येईन, पण बोलावलंस तर बरं वाटेल.

ताई


(पोस्टकार्ड)

बोरिवली
१६ फेब्रुवारी १९८८

ती. ताईस चंदूचा नमस्कार.

गुरुवारी दाखल होतोय, शुक्रवारी सकाळी ऑपरेशन. दादाचं झालं तेच. लगेच उत्तर लिहिलं नाही. मी घाबरलंय गो. पत्त्यांच्या अड्ड्यावर दादाच्या पाठीमागे काय बोलायचे ते तुला माहीत नाही. मी तिथे बसलेला असायचो. आता माझ्या पाठीमागे बोलतील, म्हणून काल संध्याकाळी अड्ड्यावर जाऊन मीच सांगितलं. प्रोस्टेटचा कर्करोग, अमुक अमुक काढणार, कुणाला काही म्हणायचंय तर तोंडावर म्हणा. श्यामसुंदर मास्तर घरापर्यंत मागे आला आणि जिन्यात हळूच विचारलं, चंदू, धार बारीक होते म्हणजे काय रे? त्याला विमलने आत बोलावून सगळं सांगितलं, ग्रंथी कुठे असते तिथपासून. हातवारे करून. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो.

रस सोडला. हात अजून पिवळे आहेत. इस्पितळात रक्त घेणारी नर्स माझे डोळे उघडून बघते. सगुणा बांगडे आणून देते, पैसे घेत नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षं किती ते सांगता येत नाही. मी म्हटलं, ताई येईपर्यंत तरी आहेत ना?

ये. इस्पितळात लिफ्ट आहे, जिना चढायचा नाही.

मुद्दाम कार्डावर लिहिलं, आणि पेटीत टाकलं नाही. भिकाजीच्या हातात देणार आहे. जिन्यात उभा राहून वाचेलच. वाचू दे. त्याचीही पंचावन्न उलटली.

चंदू